काचेची भिंत आणि पश्चिमेचे ऊन

मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुल, नवी मुंबईतील ऐरोली, पुण्याचे हिंजवडी आणि खराडी या भागांत गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिलेल्या कार्यालयीन इमारतींचा दर्शनी भाग बहुतांशी काचेचा आहे. अशा इमारतींच्या वीजवापरात वातानुकूलनाचा वाटा सहसा सर्वांत मोठा असतो, आणि वातानुकूलन यंत्रणेला रोज किती उष्णता बाहेर उपसावी लागणार याचा बराचसा निर्णय ती यंत्रणा विकत घेण्याच्या कितीतरी आधी, वास्तुविशारदाने आराखड्यावर ओढलेल्या पहिल्या रेघांतच होऊन गेलेला असतो. काच कोणत्या प्रतीची घ्यावी याची चर्चा बांधकाम व्यवसायात भरपूर होते. काच किती असावी, कोणत्या दिशेला असावी आणि कशाच्या सावलीत असावी हे प्रश्न त्यामानाने मागे पडतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मात्र याच प्रश्नांचा क्रम आधी लागतो, कारण येथील काचेचे मुख्य वैर बाहेरच्या हवेशी नसून थेट उन्हाशी आहे.

सूर्याकडून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने निम्मी दृश्य प्रकाशाच्या रूपात येते, जवळपास तितकीच डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त किरणांच्या रूपात येते आणि उरलेला लहानसा हिस्सा अतिनील किरणांचा असतो. साधी पारदर्शक काच यांपैकी पहिल्या दोन्ही प्रकारच्या किरणांचा बहुतेक भाग आत जाऊ देते. आत आलेले किरण फरशी, टेबले, कागद आणि माणसांचे कपडे यांत शोषले जातात व या वस्तू तापतात; तापलेल्या वस्तू जी ऊर्जा बाहेर टाकतात ती मात्र साधारण 10 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या दीर्घ अवरक्त किरणांची असते, आणि या किरणांना हीच काच जवळजवळ अपारदर्शक असते. उष्णतेला आत यायला वाट मोकळी आणि बाहेर जायला बंद, अशी ही रचना हरितगृहाच्या नावाने शाळेपासून सर्वांच्या परिचयाची आहे.

या परिचयातील एक बाब मात्र अर्धवट आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 साली दोन लहान पेट्या घेऊन एकीवर काचेचे आणि दुसरीवर सैंधवाच्या पातळ लादीचे झाकण बसवले, आणि दीर्घ अवरक्त किरण सैंधवातून सहज आरपार जात असूनही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्याचे नोंदवले. हरितगृह तापते ते मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून, असा याचा अर्थ. शेतातल्या पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद दीर्घ अवरक्त किरण बऱ्यापैकी बाहेर सोडतो, तरी दुपारी आत उभे राहवत नाही, याचेही कारण तेच. उघडता न येणाऱ्या काचेच्या पडद्याने वेढलेल्या कार्यालयात हवा आणि किरण या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होतात, आणि मग उष्णता काढून टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वीज खर्चून चालवायचे यंत्र.

काचेची पारख करण्यासाठी स्थापत्य व्यवसायात तीन आकडे वापरले जातात. पहिला सौर उष्णता लाभ गुणांक, ज्याला कामावर सगळे एसएचजीसी म्हणतात. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी थेट आरपार येऊन किंवा काचेत शोषली जाऊन नंतर आतल्या बाजूला सुटून एकूण किती हिस्सा खोलीत पोहोचतो, हे तो सांगतो. दुसरा यू-व्हॅल्यू, आत आणि बाहेर एक अंश सेल्सिअसचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता वाहते, याचे हे माप, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसून केवळ हवेच्या तापमानातील फरकाशी आहे. तिसरा व्हीएलटी, म्हणजे दृश्य प्रकाशाचा किती भाग आत येतो याचे प्रमाण. 6 मिलिमीटर जाडीच्या साध्या पारदर्शक काचेसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे 0.82, 5.7 आणि 88 टक्के असे येतात. मध्ये 12 मिलिमीटर हवेची पोकळी ठेवून अशाच दोन काचा जोडल्या, म्हणजे बाजारात ज्याला डीजीयू म्हणतात तो संच वापरला, तर यू-व्हॅल्यू निम्म्यावर, 2.8 च्या आसपास उतरते, पण सौर उष्णता लाभ गुणांक फक्त 0.7 पर्यंतच खाली येतो.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. पश्चिमेकडे तोंड असलेली 10 चौरस मीटर काच घ्यावी, निरभ्र दिवशी दुपार कलल्यावर तिच्यावर दर चौरस मीटरला 600 वॅट ऊन पडते असे धरावे, आणि बाहेर 35 व आत 25 अंश तापमान मानावे. साध्या एकेरी काचेतून उन्हामुळे 4,920 वॅट आणि हवेच्या तापमानातील फरकामुळे 570 वॅट, म्हणजे एकूण साडेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. एक टन क्षमतेचे यंत्र सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता उपसते हे लक्षात घेता, एवढ्या एका काचेसाठी दीड टनाचे यंत्र गुंतून पडते. तिच्या जागी साध्या काचांचा दुहेरी संच बसवल्यास आकडा साडेचार किलोवॅटच्या जरा खाली येतो. पण एकेरी काच तशीच ठेवून बाहेरून आडोसा केला आणि निम्मे ऊन काचेवर पोहोचण्याआधीच अडवले, तर एकूण उष्णता तीन किलोवॅटच्या घरात उतरते. आडोशातली स्वस्त एकेरी काच उघड्यावरच्या दुहेरी काचेला सहज मागे टाकते, ही गोष्ट काचेच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत क्वचितच वाचायला मिळते.

नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा आतबाहेरच्या तापमानातील फरक 20 अंशांवर जातो आणि हवेवाटे येणारी उष्णता दुप्पट होते, त्यामुळे तेथे दुहेरी काचेला अधिक अर्थ आहे. पण तेथेही उन्हाचा वाटा कैक पटींनी मोठाच राहतो. याउलट स्टॉकहोम किंवा टोरंटोत हिवाळ्यात आतबाहेरचा फरक 40 अंशांपर्यंत जातो, काचेतून आत आलेले ऊन खोली गरम ठेवायला उपयोगी पडते आणि सगळी लढाई यू-व्हॅल्यूची होते. काचेच्या इमारतीची कल्पना ज्या देशांत वाढली, तेथे ऊन हा पाहुणा होता. न्यूयॉर्कमधील 1952 सालचे लीव्हर हाऊस हे उघडता न येणाऱ्या खिडक्यांचे आणि निळसर-हिरव्या काचेचे गगनचुंबी कार्यालय जगभर अनुकरणाचा नमुना ठरले. 1959 मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवून सपाट काच बनवण्याची पद्धत जाहीर केली, आणि घासून चकचकीत करण्याचा खर्च वाचल्यामुळे मोठी काच हळूहळू स्वस्त होत गेली. वातानुकूलन, स्वस्त वीज आणि स्वस्त काच या तिन्हींची सांगड पडल्यावर हवामान कोणतेही असले तरी इमारत एकच, असा समज रूढ व्हायला वेळ लागला नाही.

हा समज किती महागात पडतो याचा धडा खरे तर त्याआधीच मिळाला होता, आणि तोही आधुनिक वास्तुकलेच्या एका अध्वर्यूला. ल कॉर्बुझिए यांनी पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी बांधलेल्या, 1933 साली खुल्या झालेल्या निवाऱ्याच्या दक्षिणाभिमुख बाजूला पूर्ण बंद काचेचा पडदा होता. त्याच्या मूळ योजनेत दुहेरी काच आणि यांत्रिक शीतकरण यांचा समावेश होता, परंतु पैशाअभावी ते वगळले गेले आणि काच तेवढी राहिली. उन्हाळ्यात आतली स्थिती असह्य झाली, उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात इमारतीची हानी झाल्यावर दुरुस्तीच्या वेळी दर्शनी भागावर काँक्रीटचे ऊनरोधक आडोसे उभारण्यात आले. याच वास्तुविशारदाची अहमदाबादच्या गिरणीमालक संघाची 1954 मधील इमारत पाहिली तर विचारात किती फरक पडला होता ते दिसते. तेथे उत्तर आणि दक्षिण बाजूंना विटांच्या जवळजवळ अखंड भिंती आहेत. साबरमतीकडच्या पूर्व बाजूला काटकोनात उभी केलेली खोल काँक्रीटची पाती आहेत, आणि रस्त्याकडच्या पश्चिम बाजूला हीच पाती तिरकी वळवलेली आहेत, म्हणजे कलते ऊन अडते पण वारा आत येत राहतो. दिशेनुसार आडोसे वेगवेगळे का लागतात, याचे उत्तर सूर्याच्या मार्गात आहे.

मुंबईचा अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी माध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजापासून 71 अंशांवर असतो, 22 डिसेंबरच्या सुमारास तो साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत खाली उतरतो, आणि मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, तो बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारी थेट ऊन जवळजवळ लागतच नाही. दीड मीटर उंचीच्या दक्षिणेकडील खिडकीवर विषुवदिनी माध्यान्ही पूर्ण सावली पाडायला जेमतेम अर्ध्या मीटरचा छज्जा पुरतो. तीच खिडकी पश्चिमेला असेल तर सौर वेळेनुसार चार वाजता, म्हणजे मार्चमध्ये मुंबईच्या घड्याळात साधारण पावणेपाचला, तितक्याच सावलीसाठी पावणेतीन मीटरचा छज्जा लागेल, आणि तासाभराने तर सहा मीटरचाही अपुरा पडायच्या बेतात येईल. पश्चिमेला आडवा छज्जा म्हणूनच निरुपयोगी ठरतो. तेथे उभी किंवा तिरकी पाती, जाळी, नाहीतर मुळातच कमी काच हे उपाय लागतात. कार्यालये तेव्हा पूर्ण भरलेली असतात, दिवसभर तापलेली फरशी आणि भिंती साठवलेली उष्णता सोडू लागलेल्या असतात आणि त्यात हे आडवे ऊन थेट टेबलापर्यंत शिरते. शीतकरण यंत्रणेची क्षमता वर्षाच्या सरासरीवर नव्हे तर अशाच तासाभराच्या कमाल भारावर ठरते, त्यामुळे पश्चिमेची काच केवळ वीजबिल वाढवत नाही, ती यंत्र, डक्ट आणि विजेची जोडणी हे सगळेच मोठे घ्यायला लावते.

अनुभवी वास्तुविशारद जिने, उद्वाहने, स्वच्छतागृहे आणि सामानाच्या खोल्या पश्चिमेला ढकलतात ते यासाठीच. मुंबईत ही तडजोड अवघड होते, कारण समुद्र पश्चिमेला आहे आणि समुद्राचे दर्शन चौरस फुटाच्या दरात मोजले जाते. कुंबाला हिलवरील कांचनजंगा या 1983 मध्ये पूर्ण झालेल्या निवासी मनोऱ्यात चार्ल्स कोरिया यांनी हाच पेच हाताळला. शहरातली चांगली दृश्ये पूर्व-पश्चिमेला, वारेही त्याच अक्षावर, आणि रखरखते ऊन व पावसाचा माराही त्याच बाजूंनी. म्हणून त्यांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे, आत ओढलेले बगीचावजा व्हरांडे ठेवले आणि खोल्यांना त्यांच्यामागे आडोसा दिला. जुन्या बंगल्यांभोवतीच्या व्हरांड्याचेच हे उंच इमारतीतले रूप होते. त्यानंतर शहरात उभ्या राहिलेल्या कित्येक मनोऱ्यांनी व्हरांडा सोडला आणि काच तेवढी ठेवली.

भरपूर काच म्हणजे भरपूर उजेड आणि म्हणून दिव्यांच्या विजेत बचत, हा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. कार्यालयीन कामाला 300 ते 500 लक्स उजेड लागतो, तर बाहेर भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. गरजेच्या मानाने पुरवठा इतका प्रचंड असल्यामुळे माफक आकाराची खिडकीही पुरेसा प्रकाश देऊ शकते. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंतच उपयुक्त दिवसप्रकाश पोहोचतो, असा एक ठोकताळा आहे. त्यामुळे प्रकाशासाठी काच रुंद असण्यापेक्षा उंचावर असणे महत्त्वाचे, आणि टेबलाच्या पातळीखालची, फरशीपर्यंत उतरलेली काच कामाच्या जागेवरील प्रकाशात जवळजवळ काहीच भर घालत नाही. उष्णता मात्र ती इतर काचेइतकीच आत आणते. शिवाय काच फार झाली की डोळे दिपतात, खिडकीशी बसणारा माणूस पहिल्याच आठवड्यात पडदा पाडतो आणि दिवे लावतो, तो पडदा मग वर्षभर तसाच राहतो. पडदा आतून लावणे हे भिजून घरात आल्यावर रेनकोट चढवण्यासारखे आहे. काचेतून ऊर्जा आत आलेली असते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. फिक्या किंवा चकाकत्या पडद्याने थोडा भाग परत जातो, एवढेच.

काचेच्या तंत्रज्ञानाने गेल्या काही दशकांत मोठी मजल मारली आहे हे नाकारण्याचे कारण नाही. काचेवर चांदीचे काही नॅनोमीटर जाडीचे थर चढवले की ती दृश्य प्रकाश बऱ्यापैकी आत सोडते पण निकट-अवरक्त किरण परतवते. या लो-ई काचेचा दुहेरी संच सौर उष्णता लाभ गुणांक 0.27 च्या आसपास ठेवूनही उजेड टिकवू शकतो. वरच्या हिशेबातली काच अशी असेल तर उन्हाचा वाटा 4,920 वरून 1,620 वॅटवर येतो. लेप कोणत्या पृष्ठभागावर आहे हेही पाहावे लागते. बाहेरून मोजता उष्ण हवामानात तो दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असावा, म्हणजे शोषलेली उष्णता बाहेरच सुटते. थंड देशांत तोच तिसऱ्या पृष्ठभागावर ठेवतात. संच बसवताना तो उलटा लागला तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि चूक वीजबिलातच उमटते. काच धरणाऱ्या चौकटीचेही असेच. ॲल्युमिनियम काचेच्या शंभराहून अधिक पटींनी उष्णता वाहून नेते, त्यामुळे चौकटीच्या आतल्या व बाहेरच्या भागांमध्ये पॉलिअमाइडची पट्टी घालून उष्णतेचा मार्ग तोडलेला नसेल तर भारी काचेचा काही लाभ चौकटीतून वाहून जातो. आरशासारखी काच हा आणखी एक पर्याय, पण ती उष्णता नाहीशी करत नाही, समोरच्याकडे पाठवते; लंडनमधील 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या अंतर्वक्र दर्शनी भागाने 2013 मध्ये खालच्या रस्त्यावर उन्हाचा झोत एकवटून एका मोटारीचे काही भाग वितळवले, आणि पुढच्या वर्षी तेथेही बाहेरून आडोसे बसवले गेले.

बाहेरून अखंड काचेची दिसणारी इमारत प्रत्यक्षात तशी असेलच असेही नाही. मजल्याच्या तुळया, छतातील डक्ट आणि खिडकीखालचा भाग झाकणाऱ्या काचेला स्पँड्रेल म्हणतात. तिच्या मागे उष्णतारोधकाचा थर किंवा भिंत असते आणि तिच्यातून आतले काही दिसत नाही. भारताच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीने खिडक्यांच्या क्षेत्रफळाचे भिंतीशी प्रमाण जास्तीत जास्त 40 टक्के ठेवले आहे. स्पँड्रेलचा खुबीने वापर केला तर काचेचा चेहरा राखूनही ही मर्यादा पाळता येते. उष्ण-दमट, उष्ण-कोरड्या आणि संमिश्र हवामानासाठी याच संहितेने उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेचा सौर उष्णता लाभ गुणांक 0.27 पेक्षा, आणि यू-व्हॅल्यू 3 पेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे. उत्तरेच्या काचेला 0.50 पर्यंत सवलत आहे, पण ती 15 अंश उत्तर अक्षांशाच्या वरच्या प्रदेशालाच. ही रेषा गोव्याच्या दक्षिण टोकातून जाते, म्हणजे महाराष्ट्र पूर्णपणे सवलतीच्या बाजूला पडतो. छज्जा किंवा पाती दिली असतील तर काचेच्या गुणांकात त्यांचा लाभ धरता येतो, ही तरतूद सर्वांत शहाणपणाची, आणि वापरात बहुधा सर्वांत दुर्लक्षित. ही संहिता 100 किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडलेल्या भाराच्या व्यापारी इमारतींसाठी आहे, आणि राज्याने अधिसूचना काढल्यावरच ती बंधनकारक होते. घरांसाठी 2018 मध्ये आलेल्या इको निवास संहितेने वेगळी वाट धरली आहे: भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत ठेवायची, मग ती भिंतीने साधा, सावलीने साधा किंवा काचेने.

उभ्या असलेल्या इमारतींचे काय, हा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कच्या 1931 सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे 2010 च्या सुमारास जे नूतनीकरण झाले त्यात सुमारे साडेसहा हजार खिडक्यांच्या काचा काढून, त्याच इमारतीच्या एका मजल्यावर उभारलेल्या कार्यशाळेत त्यांच्यामध्ये लेप दिलेली फिल्म आणि निष्क्रिय वायू भरून त्या पुन्हा बसवण्यात आल्या. प्रकाशयोजना व इतर सुधारणा धरून ऊर्जावापर 38 टक्क्यांनी उतरवण्याचे उद्दिष्ट होते. पण लक्ष देण्याजोगी बाब वेगळीच आहे. उष्णतेचा भार आधी कमी केल्यामुळे शीतकरणाची जुनी यंत्रे बदलून मोठी घेण्याची गरज उरली नाही, ती दुरुस्त करून भागले, आणि वाचलेल्या पैशांनी खिडक्यांच्या खर्चाचा काही भाग भरून निघाला.

मुंबई-पुण्यात एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही आणि आतून सौर नियंत्रण फिल्म चिकटवण्याकडे कल असतो. परावर्तक फिल्म उष्णता बऱ्यापैकी परतवते. गडद, शोषक फिल्म मात्र काचेलाच तापवते, आणि चौकटीत दडलेली काचेची कड सावलीत थंड राहून मधला भाग तापला की त्या ताणाने साधी, टेम्पर न केलेली काच कडेपासून तडकू शकते; दुहेरी संचाच्या आतल्या काचेवर अशी फिल्म लावल्यास पोकळीतली उष्णता वाढून धोका आणखी वाढतो. त्यामुळे फिल्म निवडण्यापूर्वी काच टेम्पर्ड आहे की साधी, संच एकेरी आहे की दुहेरी आणि त्या बाजूवर दिवसाच्या कोणत्या वेळी छज्ज्याची अर्धी सावली पडते, एवढे तरी तपासून घेतले जाते, आणि पश्चिमेच्या बाजूसाठी बाहेरून जाळी किंवा पाती बसवण्याचा खर्चही त्याच कागदावर शेजारी मांडला जातो.